एक छर्रा उरलाय

प्रिय गड्या,

आधी शिव्या देऊन घे. सात महिने तुझा फोन उचलला नाही, कारण तू पहिला प्रश्न गाडीचाच विचारला असतास आणि मला खोटं बोलावं लागलं असतं. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, रक्तदाब औषधाचं ऐकतो. झालं.

गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मीच उघडला. हो, तू हात जोडून नको म्हणाला होतास तोच.

बसवलासुद्धा. गाडी चालते. तिसरा गिअर पडलेला कळतही नाही. मग रडतोय कशाला? तर आत्ता माझ्यासमोर बशीत एक पोलादी छर्रा आहे. हरभऱ्याएवढा. छर्रा बशीत आणि गिअरबॉक्स गाडीत.

हस, पोटभर हस. तुझ्या वडिलांच्या घड्याळातलं उरलेलं दातेरी चाक माझ्या खिशात किती दिवस होतं, हे आपल्या दोघांशिवाय कुणाला माहीत आहे? (स्प्रिंग तूच सोडली होतीस. मी आजही यावर ठाम आहे.)

लक्षणं तुला ठाऊकच आहेत. दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी तिच्याच चालीने. रिव्हर्स टाकला की आधी विचार करायची, मग मागे सरकायची. तेल काढून पाहिलं तर लालपणा संपलेला, तपकिरी पाणी आणि जळका वास. तू म्हणालास, सरळ दुसरा बॉक्स टाक आणि मोकळा हो. चूक नव्हतास. पण जुन्या गाडीतून काढलेला बॉक्स म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत आणणं. त्याचं तेल कधी बदललं, बदललं की नाही, कोण सांगणार? कारखान्यात नव्याने बांधलेला घेतला तर टॉर्क कन्व्हर्टरही (इंजिनाचा जोर तेलातून बॉक्सला देणारा डबा) बरोबर येतो, वॉरंटी येते, झोप येते. शहाण्या माणसाने तोच घ्यावा. मी शहाणा असतो तर तुझ्याशी मैत्री कशाला केली असती?

खरं कारण वेगळं. आकृती बघताना लक्षात आलं की या चार गिअरच्या बॉक्समध्ये तिसरा आणि रिव्हर्स दोघेही एकाच क्लचवर, म्हणजे तेलाच्या दाबाने आवळल्या जाणाऱ्या प्लेटांच्या एकाच गठ्ठ्यावर, चालतात. दोन तक्रारी, चोर एक. हे कळल्यावर मला राहवेना. आत काय झालंय ते मला आधीच कळलंय असं वाटलं, आणि ते बघायचंच होतं. हिला मी पैसे वाचतील वगैरे सांगितलं. तुला खरं सांगतोय.

आणि तेच निघालं रे! स्नॅप रिंग काढली, ड्रममधून प्लेटा बाहेर आल्या. घर्षणाच्या प्लेटांवरचं अस्तर बोट लावलं की काजळीसारखं सुटत होतं, मधल्या स्टीलच्या प्लेटा निळ्या पडलेल्या. त्यांच्यामागच्या पिस्टनच्या कडेला जो रबरी ओठ असतो, तो इतका कडक झाला होता की नखाने टवका उडाला. एवढ्याशा ओठातून दाब गळायचा, दाब कमी म्हणून प्लेटा घसरायच्या, घसरून जळायच्या. मी जमिनीवर फतकल मारून बसलो आणि मला तुझी आठवण आली. फोन करायला हवा होता. केला नाही, कारण तेव्हा अजून जोडायचं होतं.

जोडताना मी माझ्या लायकीपेक्षा नीट वागलो. नव्या प्लेटा आधी तेलात भिजवल्या, प्रत्येक पॅकची फट फीलर गेजने दोन-दोनदा मोजली. हवेच्या नळीने क्लच तपासला, तेव्हा पिस्टन आतून ‘धप्’ करून बसला. एवढा सुंदर आवाज मी बऱ्याच वर्षांत ऐकला नाही. कूलर धुतला, तो न धुता नवा बॉक्स जरी लावला तरी जुना कचरा त्यात जातोच, हे तुझ्या ‘मोकळा हो’वाल्यांना सांग. कन्व्हर्टरचं तोंड वेल्डने बंद, आत काय साचलंय दिसत नाही, म्हणून तो नवाच घेतला. बसवताना तो फिरवत फिरवत आत ढकलावा लागतो, पंपापर्यंत जाईतो टप्प्याटप्प्याने ‘खट्’ वाजतो. शेवटचा खट् न ऐकताच बोल्ट आवळले तर पंपच फुटतो. मी खट् मोजले. छर्रे मोजायचे राहिले.

म्हणजे मोजले होते, पण कानाने! व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाला वाटा दाखवणारा भाग, उतरवताना मधली पातळ प्लेट तिला दाबून धरायची असते. मी धरली नाही, आणि छर्रे तेलाच्या परातीत टपटप पडले. मी सहा ऐकले. परातीतून सात निघाले. आधी काढलेल्या फोटोत सहा दिसतात आणि एका कोपऱ्यावर माझा अंगठा आहे. सातवा त्या अंगठ्याखाली असेल. नाहीतर नव्या किटच्या पाकिटातून सांडला असेल, त्यातही जास्तीचे येतात. एकाच बॉक्सच्या वेगवेगळ्या मॉडेलांत छर्ऱ्यांची संख्याही वेगळी असते, म्हणून पुस्तकातली आकृती बघून मी आणखीच गोंधळलो.

बरं, छर्ऱ्याचं काम तरी क्षुल्लक असावं! एका दिशेला तेल बारीक भोकातून सावकाश सोडायचं, परतीला वाट मोकळी करायची. तो नसला तर क्लच धाडकन बसेल. किंवा तेल भलत्याच वाटेने गळेल, गाडी महिनोन्‌महिने गोड चालेल आणि आतल्या आत प्लेटा पुन्हा जळतील. सध्या चालते आहे ही बातमी चांगली की वाईट, तेच कळत नाही. सकाळी थंड इंजिनावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मला हलका धक्का जाणवतो. हिला जाणवत नाही. ती म्हणते, धक्का गाडीला नाही, तुला बसतोय.

उघडायचं म्हटलं तर बॉक्स उतरवावा लागणार नाही, खालचं पॅन आणि व्हॉल्व्ह बॉडी काढली की झालं. पण पुन्हा गॅस्केट, पुन्हा तेल, आणि व्हॉल्व्ह बॉडीचा एखादा बोल्ट जास्त आवळला गेला तर आतला व्हॉल्व्ह अडकायचा. चालत्या गाडीला हात लावू नये हे तूच मला शिकवलंस, तुझ्या स्कूटरचा कार्ब्युरेटर मी ‘फक्त साफ’ केला होता त्यानंतर.

तुझ्या बदलीचं कळलं. वहिनींना सांग, सामान बांधायला मी येत नाही, काहीतरी उरेल. लेकीचं अभिनंदन, तिला वेगळं लिहितो.

मी पुढच्या रविवारी उघडतोय. बदलीच्या आधी एक दिवस काढ. या वेळी प्लेट मी धरेन, बॅटरी तू धर, आणि छर्रे तू मोज. मोठ्याने.

तुझाच,
मी

ता. क. येताना तो चुंबकाचा दांडा आण. तो माझा आहे.