मंत्रिमहोदय, जड गाडीला सूट नको

मा. परिवहनमंत्री,
सविनय नमस्कार.

वाहनांच्या धुराची मोजणी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या अनुभवावरून एकच मागणी करतो: नवी मानकं ठरवताना गाडी जितकी जड, तितकी कार्बन डायऑक्साइडची मर्यादा सैल, हे सूत्र त्यात येऊ देऊ नका.

गाडीचा आराखडा अभियंते काढतात खरा, पण त्यांच्या टेबलावर मानकांचा कागद आधीपासून पडलेला असतो. अमेरिकेने १९७० च्या कायद्यात धुरातले घातक वायू ९० टक्के घटवायला सांगितलं, तेव्हा तिथल्या कंपन्यांनी हात वर केले. मुदती लांबल्याही. तरी १९७५ च्या मॉडेलांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू निवळणारा भाग, आलाच. शिशामुळे तो निकामी होतो, म्हणून पंपांवर बिनशिशाचं पेट्रोल ठेवावं लागलं. कडक नियमाने उद्योग बुडतो, ही ओरड मी म्हणूनच मनावर घेत नाही. मला काळजी वाटते ती चुकीचं मोजणाऱ्या नियमाची.

चाचणीची खोली आपण एकदा जवळून बघावी. चाकं रोलरवर फिरतात, समोरून मोठा पंखा वारा मारतो, सायलेन्सरच्या तोंडाला जाड नळी लावलेली असते आणि धुराचे नमुने पिशव्यांत भरले जातात. ड्रायव्हर पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग सांभाळतो. स्टिअरिंग मात्र सगळा वेळ सरळच. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर अशाच खुणांवरून चाचणी ओळखत होतं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी ठेवत होतं. २०१५ मध्ये हे उघडकीला आलं. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते. मग २०१७ पासून युरोपने नव्या मॉडेलांना प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी सक्तीची केली. मोजणीचं यंत्र गाडीच्या मागे बांधून गाडी रहदारीत काढायची. पळवाट दिसल्यावर ती बुजवता येते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

वजनाची पळवाट तर कायद्यातच लिहिलेली होती. युरोपात २०२० ते २०२४ या काळात नव्या गाड्यांसाठी कार्बन डायऑक्साइडची सरासरी मर्यादा किलोमीटरला ९५ ग्रॅम होती. पण कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन १०० किलोने वाढलं, की तिला सुमारे ३.३ ग्रॅम जास्त मिळत. उलट ज्या अभियंत्याने पत्रा, आसनं, चाकं यांतून जिवापाड मेहनतीने १०० किलो कमी केले, त्याच्या कंपनीची मर्यादा तेवढीच आवळली जाई. कष्टाचं फळ सूत्रानेच काढून घ्यायचं! त्यात बॅटरीच्या जड गाड्या विकल्या की कंपनीचं सरासरी वजन वाढे, आणि ती सैल मर्यादा तिच्याच पेट्रोलवरच्या एसयूव्हींच्या कामी येई.

छोट्या गाडीवर आधीच भार जास्त आहे. फिल्टर, सेन्सर, डिझेलच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड घटवणाऱ्या युरियाची टाकी यांचा खर्च गाडी लहान झाली म्हणून त्या प्रमाणात उतरत नाही. छोट्या डिझेल गाड्या त्याच ओझ्याखाली मागे पडल्या. शिवाय वजनाबरोबर टायरची झीज वाढते, ब्रेकची धूळ वाढते. युरो ७ या युरोपच्या नव्या प्रदूषण मानकात ब्रेकच्या कणांना पहिल्यांदाच मर्यादा घातली आहे, तीही बॅटरीच्या गाड्यांसकट.

तेव्हा मसुद्यात वजनाचा गुणांक, म्हणजे वजन वाढल्यावर मर्यादा किती सैल होते ते ठरवणारा आकडा, शून्य ठेवा. उत्पादकांना तयारीसाठी पुरेशी वर्षं द्या, पण एकदा जाहीर केलेली तारीख हलवू नका. मसुदा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा या सूत्राची आकडेमोडही त्यासोबत लोकांसमोर ठेवा. ती तपासून लेखी अभिप्राय मी पाठवीन.

आपला,
उत्सर्जन चाचणीत काम केलेला एक अभियंता