पोट आत ओढून काढू नकोस

प्रिय सखे,

तू काढलेलं तुझं स्वतःचं स्केच मिळालं आणि मागे लिहिलेलंही वाचलं, की पोट आहे तसं काढायला गेलं की पेन्सिल आपोआप आत वळते, दंड बारीक होतात, आणि शेवटी कागदावर जी बाई उरते ती तू नसतेसच. हे माझंच असं होतं का, असं विचारलंयस. अजिबात नाही गं. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहायला बसलेय, लांबणार आहे, सावकाश वाच.

मला वाटतं तुझा हात जे शिकलाय तेच काढतोय. आपण आत्तापर्यंत बाईच्या उघड्या अंगाची जेवढी म्हणून चित्रं बघितली, पुस्तकांत, म्युझियमच्या फोटोंत, ती जवळजवळ सगळी बाहेरून बघणाऱ्याने काढलेली. आडवी पडलेली, कातडी गुळगुळीत, पोटाला घडी नाही, अंगावर केस नाहीत. आणि बायकांनी म्हणावं आम्ही वेगळं काढतो, तर त्यांना त्या खोलीतच येऊ देत नव्हते. खरंच. लंडनची रॉयल अकॅडमी, म्हणजे तिथली चित्रकारांची मोठी संस्था, १७६८ मध्ये सुरू झाली तेव्हा स्थापन करणाऱ्यांत दोन बायका होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. पुढच्या तीन-चार वर्षांत योहान झोफनी नावाच्या चित्रकाराने सभासदांचं एक मोठं चित्र केलं, सगळे पुरुष नग्न मॉडेलभोवती जमलेत, गप्पा मारतायत, आणि या दोघी कुठे आहेत माहितीये? भिंतीवर. टांगलेल्या पोर्ट्रेटच्या रूपात. मॉडेल कपड्यांशिवाय आहे ना, मग बायका तिथे कशा असतील! ते चित्र बघितलं की मला अजूनही राग येतो, कारण प्रश्न फक्त अपमानाचा नाहीये, जिवंत शरीर बघून काढायची प्रॅक्टिसच नसेल तर ऐतिहासिक, पौराणिक अशी मोठी चित्रं करणार कशी, आणि त्या काळी मोठा चित्रकार कोण ते त्याच चित्रांवरून ठरायचं. मग बायकांनी फुलं काढायची आणि नंतर लोकांनी विचारायचं की बायकांत मोठे चित्रकार का झाले नाहीत. लिंडा नॉकलिन या कला-इतिहासकार बाईने १९७१ मध्ये हाच प्रश्न घेऊन लेख लिहिला आणि कलेच्या इतिहासाकडे बघायची पद्धतच बदलून टाकली.

आता लॉरा नाइट ही इंग्लिश चित्रकार बघ. आर्ट स्कूलमध्ये असताना तिला मुलगी म्हणून जिवंत मॉडेल बघून काढायची परवानगी नव्हती, प्लास्टरचे पुतळे बघून काढायचं बस्स. १९१३ मध्ये तिने एक सेल्फ-पोर्ट्रेट केलं, त्यात ती स्वतः लाल कार्डिगन आणि हॅट घालून पाठमोरी उभी आहे, समोर नग्न मॉडेल, तीही पाठमोरी, आणि बाजूच्या कॅनव्हासवर त्याच मॉडेलचं अर्धवट चित्र. म्हणजे जे शिकायला मना केलं होतं तेच करताना तिने स्वतःला दाखवलं. रॉयल अकॅडमीने ते चित्र नाकारलं. त्याच अकॅडमीत १९३६ मध्ये ती पूर्ण सभासद म्हणून निवडून आली, त्या पहिल्या दोघींनंतर इतक्या वर्षांत पहिलीच बाई. चित्र आता लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू, तिथे दोन बायका काम करतायत, एक पोझ देतेय, एक रंगवतेय, आणि दोघींपैकी कुणालाच आपल्याकडे बघायची गरज वाटत नाही.

पण मला खरं तुला पाउला मोडरसोन-बेकरबद्दल सांगायचंय. जर्मन चित्रकार. १९०६ मध्ये नवऱ्याला सोडून पॅरिसला आली, वय तीस, आणि लग्नाच्या वाढदिवशी तिने स्वतःला कमरेपर्यंत उघडं रंगवलं. गळ्यात मण्यांची माळ, कमरेला पांढरं कापड, एक हात पोटावर आणि एक पोटाखाली, आणि पोट पुढे आलेलं, जशी काही गरोदर आहे. ती तेव्हा गरोदर नव्हती! चित्रावर तिने स्वतः लिहून ठेवलंय की हे मी तिसाव्या वर्षी, लग्नाच्या सहाव्या वाढदिवशी काढलं, आणि सही केलीये पी. बी., नवऱ्याचं आडनाव गायब. आता तू बघ, तुझी पेन्सिल पोट आत घेते आणि हिने नसलेलं पोट बाहेर काढलं. लोक म्हणतात की बाईने स्वतःला असं नग्न रंगवलेलं हे पहिलंच पेंटिंग असावं. त्या पोटात काय आहे यावर खूप लिहिलं गेलंय, कुणी म्हणतं मूल हवं होतं, कुणी म्हणतं ती स्वतःच्या कलेने भरली होती, मला दोन्ही थोडं थोडं पटतं पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते तिचं बघणं. मान किंचित कलती, डोळे मोठे, ना लाज ना आव, बघतेय स्वतःकडेच, की मी अशी झाले तर कशी दिसेन. शरीराकडे तिने एक शक्यता म्हणून बघितलं. पुढे ती नवऱ्याकडे परत गेली, खरोखर गरोदर राहिली, नोव्हेंबर १९०७ मध्ये मुलगी झाली आणि तीन आठवड्यांच्या आत पाउला गेली, अवघी एकतीस वर्षांची. हे लिहिताना मला गलबलून येतं. जिवंत असताना तिची मोजकीच चित्रं विकली गेली. १९२७ मध्ये ब्रेमेनला तिच्या नावाचं म्युझियम उघडलं, एका बाई चित्रकाराला वाहिलेलं जगातलं पहिलं.

सुझान व्हॅलाडोन ही फ्रेंच चित्रकार तर आधी मॉडेलच होती, रेन्वार या चित्रकाराच्या चित्रांत नाचताना दिसते ती गोड मुलगी. पोझ देता देता त्या लोकांचं काम बघत शिकली, कुठल्या शाळेत गेली नाही. आणि १९२३ मध्ये तिने काय काढलं, तर पलंगावर लोळलेली बाई, पोझ अगदी जुन्या नग्न चित्रांतलीच, पण अंगात पट्ट्यापट्ट्यांची ढगळ पॅन्ट, तोंडात सिगरेट, पायाशी पुस्तकं. ती कुणासाठी लोळलेली नाहीये, दमलीये म्हणून लोळलीये. मला ते चित्र प्रचंड आवडतं. आणि अमृता शेरगिल, १९३४ मध्ये, वय एकवीस, तिने स्वतःला ताहितीतली बाई म्हणून रंगवलं, गोगँ या फ्रेंच चित्रकाराने तिथल्या ज्या सावळ्या बायका रंगवून नाव कमावलं त्यांच्या जागी स्वतः उभी राहिली, आणि मागे एका पुरुषाची सावली. चेहरा बघ तिचा त्यात, अजिबात खूश नाहीये.

तू लिहिलंयस की जिकडेतिकडे स्वतःच्या शरीरावर प्रेम करा, प्रत्येक शरीर सुंदर असतं, हे ऐकून आणखीच थकायला होतं. मलाही होतं गं. कारण त्यात पण शेवटी सुंदर असण्याचीच अट राहते ना, फक्त ती सगळ्यांना लागू केली. आणि प्रेम वाटत नसेल तर तो पण आपलाच दोष. या बायकांची चित्रं बघताना मला जो मोकळेपणा वाटतो तो यासाठी की सुंदर आहे की नाही हा प्रश्न त्या सोडूनच देतात. ब्रिटिश चित्रकार जेनी सॅव्हिल, १९९२, ग्लासगोच्या आर्ट स्कूलमधून बाहेर पडतानाचं काम, सात फूट उंच कॅनव्हास, त्यावर ती स्वतः एका उंच स्टुलावर बसलीये, आपण खालून बघतोय त्यामुळे मांड्या डोंगरासारख्या समोर येतात, आणि स्वतःचीच बोटं त्या मांड्यांत रुतलीयेत. वरून रंगात अक्षरं कोरलेली, तीही उलटी, आरशात बघितलं तरच वाचता येतील अशी, आणि पहिल्यांदा दाखवलं तेव्हा समोर आरसा लावला होता. म्हणजे चित्र वाचायचं तर त्याच आरशात तूही दिसणार. ते चित्र २०१८ मध्ये ९५ लाख पौंडांना गेलं, तेव्हा जिवंत बाई चित्रकाराच्या कामाला मिळालेली ती सगळ्यात मोठी किंमत होती. पण मला त्यातली ती रुतलेली बोटं जास्त लक्षात राहतात, त्यात राग पण आहे आणि धरून ठेवणं पण आहे, आपलं स्वतःच्या अंगाशी जे असतं ना, एकाच वेळी दोन्ही, ते इतकं खरं मी दुसरीकडे बघितलं नाही.

लॉरा अग्यिलार नावाची लॉस एंजेलिसची फोटोग्राफर होती, २०१८ मध्ये गेली, अंगाने खूप मोठी. ती वाळवंटात जाऊन दगडांच्या शेजारी अंगाचं मुटकुळं करून झोपायची आणि फोटो काढायची, पाठीच्या वळ्या आणि दगडांची गोलाई एकाच उजेडात. तिथे लठ्ठ हा शब्द आठवतच नाही. आणि जो स्पेन्स नावाची ब्रिटिश फोटोग्राफर, तिला १९८२ मध्ये ब्रेस्ट कॅन्सर निघाला तर ऑपरेशनच्या आधी स्वतःच्या छातीवर लिहिलं, ही जो स्पेन्सची मालमत्ता आहे का, प्रश्नचिन्हासकट, आणि फोटो काढून घेतला. हॉस्पिटलमध्ये आपलं अंग आपलं राहत नाही हे तू मला सिझेरियननंतर सांगितलं होतंस, तेव्हा मला तिचा तो फोटो आठवला होता पण बोलले नाही, तेव्हा तुला झोप हवी होती.

मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो, तिच्याबद्दल मुद्दाम जास्त लिहीत नाही, ती तुला माहितीच आहे, फक्त एकदा पिशव्यांवरची, फुलं माळलेली फ्रिडा विसरून १९३२ चं गर्भपातानंतरचं चित्र नीट बघ, हॉस्पिटलच्या पलंगावर रक्तात पडलेली.

आकड्यांचं पण सांगून टाकते. गोरिल्ला मुखवटे घालणाऱ्या बायकांचा एक ग्रुप आहे, गुरिला गर्ल्स. त्यांनी १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जाऊन मोजलं, आधुनिक कलेच्या दालनांत बायका कलाकार ५ टक्क्यांहून कमी आणि नग्न चित्रांपैकी ८५ टक्के बायकांची. २०१२ मध्ये परत मोजलं तर ४ आणि ७६. म्हणजे बघ.

आता तू म्हणशील या सगळ्या तरुण किंवा धाडसी होत्या. मग अमेरिकन चित्रकार ॲलिस नील. आयुष्यभर दुसऱ्यांना रंगवत राहिली, गरोदर बायकांना नग्न रंगवलं, सुजलेले पाय, ताणलेली कातडी, अवघडून बसलेल्या. स्वतःचं चित्र पंच्याहत्तरीत सुरू केलं, मग बाजूला टाकलं, आणि १९८० मध्ये पूर्ण केलं, वय ऐंशी. निळ्या पट्ट्यांच्या खुर्चीत बसलीये, अंगावर चष्म्याशिवाय काही नाही, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात फडकं. छाती ओघळलेली, पोट ओघळलेलं, गाल लाल, पायाचा अंगठा वर. ती स्वतःच सांगायची की ते रंगवताना जीव मेटाकुटीला आला म्हणून गाल इतके लाल झाले. तिलासुद्धा जड गेलं बघ, इतक्या जणींना निरखून झाल्यावरही. मग तुला जड जाणार नाही तर काय होणार?

म्हणून माझं ऐक, आधी बाह्यरेषा काढूच नकोस. सगळी लबाडी तिथेच होते, रेषेला आत-बाहेर करायला काही लागत नाही. कोळसा घे, आडवा धर, दिव्याचा उजेड एका बाजूने येऊ दे, आणि आधी फक्त सावल्या भर. पोटाची घडी म्हणजे मग फक्त एक गडद पट्टा, तो जिथे आहे तिथे ठेवावाच लागतो, नाहीतर बाकीचं शरीर बसत नाही. सुरुवात चेहऱ्याने करू नकोस, खुर्चीला जिथे अंग टेकतं तिथून कर, वजन कुठे पडलंय ते आधी बघ. पूर्ण शरीर नकोसं वाटलं तर नुसता ऑपरेशनचा व्रण काढ, मोठा करून, पानभर. खोडू नको. आणि मला पाठवलंच पाहिजे असंही नाही, ठेव तुझ्यापाशी.

एका गोष्टीवर मात्र माझं अजून ठरत नाहीये. तू म्हणालीस की ज्या दिसायला छान असतात त्यांना अंग दाखवणं सोपं. हॅना विल्के नावाच्या कलाकारावर हाच आरोप होता, ती देखणी होती, स्वतःचे नग्न फोटो काढायची आणि लोक म्हणायचे हा स्वतःचा कौतुकसोहळा आहे. पुढे तिला लिम्फोमा झाला आणि तिने तसेच फोटो घेणं चालू ठेवलं, टक्कल, सुजलेलं अंग, सुया, बँडेज, आणि पोझ मुद्दाम त्याच पूर्वीच्या. १९९३ मध्ये ती गेली, फोटो त्यानंतर लोकांपुढे आले, आणि मग तेच लोक म्हणाले किती धीट. मला यात खटकतं ते असं की आजारी पडल्यावरच तिच्यावर विश्वास ठेवला, आधी पण ती तेच तर करत होती. पण तुझं म्हणणंही पूर्ण खोटं वाटत नाही, देखण्या बाईला बघणारे आधीच तयार असतात. तिचे दोन्ही काळातले फोटो शेजारी ठेवून बघ आणि तुला काय वाटतं ते लिही, लांब लिही, मला या बाबतीत तुझंच मत हवंय.

तुझीच