थर जितका पातळ तितका चांगला, असं नसतं

संपादक महाशय,

मेमरी चिप किंवा हार्ड डिस्कची बातमी आली की त्यात ठरलेलं वाक्य असतंच, थर अजून पातळ केला म्हणून काम अजून भारी झालं. चुंबकीय थरांना हे लागू होत नाही, आणि खरी गंमत नेमकी तिथेच आहे, ती वाचकांपर्यंत यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं म्हणून लिहितोय.

लोखंडाचे दोन पातळ थर आणि मधे क्रोमियम. क्रोमियमची जाडी साधारण 1 नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) असली की दोन्ही लोखंडी थरांचं चुंबकत्व एकमेकांच्या उलट दिशेला वळतं, हे भौतिकशास्त्रज्ञ पीटर ग्रुनबर्ग यांनी 1986 मध्ये दाखवलं. मग 1988 मध्ये त्यांच्या आणि आल्बेर फेर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे पाहिलं की बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून या थरांचं चुंबकत्व एका दिशेला आणलं तर रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरतो, फेर यांच्या 0.9 नॅनोमीटर क्रोमियमच्या नमुन्यात तर 4.2 केल्विनला (म्हणजे उणे 269 अंश सेल्सिअसच्या आसपास) तो जवळपास अर्ध्यावर आला. 2007 चं नोबेल याच कामाला.

पण मला जास्त आवडतं ते 1990 चं काम. स्टुअर्ट पार्किन आणि सहकाऱ्यांनी स्पटरिंगने (धातूवर आयनांचा मारा करून सुटलेले अणू थरासारखे बसवण्याची पद्धत) नमुने बनवले आणि मधल्या थराची जाडी थोडी थोडी बदलत नेली, तर दिसलं काय की दोन्ही थरांचं चुंबकत्व आधी उलटं, मग जाडी थोडी वाढली की सरळ, अजून वाढली की परत उलटं, साधारण 1 ते 2 नॅनोमीटरच्या अंतराने हे चक्र फिरत राहतं आणि जाडी वाढेल तसा या परिणामाचा जोर कमी होत जातो. कारण मधल्या धातूतले इलेक्ट्रॉन लाटेसारखे दोन्ही सीमांवरून परत फिरतात, आणि त्या लाटांचं एकमेकींशी कसं जुळणार हे जाडीच ठरवते. म्हणजे इथे दोन-चार अणूंचा फरक पडला तरी सगळं उलटं होऊ शकतं! त्यात थर खडबडीत असला तर एका जागी एक परिणाम आणि बाजूला दुसरा, आणि फारच पातळ केला तर बारीक भोकं राहतात, चुंबकीय थर थेट एकमेकांना चिकटतात आणि उलटं वळणं संपतंच.

चुंबकीय थराची स्वतःची जाडीही तशीच. प्लॅटिनमच्या मधला कोबाल्ट 1 नॅनोमीटरच्या आत असला तर त्याच्या चुंबकत्वाची दिशा थराला काटकोनात उभी असते, जाड झाला की थरातच आडवी पडते, कारण पातळ थरात पृष्ठभागावरच्या अणूंचं चालतं आणि जाड थरात आतल्या अणूंचं.

तेव्हा अशी बातमी देताना कुठला थर, मधला की चुंबकीय, आणि जाडी किती हे तरी नक्की लिहा, आणि जागा असली तर जाडी आणि रेझिस्टन्सचा ग्राफ पण द्या, वरखाली जाणारी ती रेघ शाळेतल्या मुलांनाही कळेल.

आपला,
एक वाचक