गोधडी टाचून देणाऱ्यांचे आभार

सिडकोतलं आमचं घर वन बीएचके. हॉलमध्ये दिवाण, टीव्ही आणि सासऱ्यांची खुर्ची सोडली तर उरते ती चपला काढण्यापुरती जागा. आणि मी शिवायला काढली होती साडेसात बाय आठ फुटांची गोधडी! खाली आईचं नऊवारी, मध्ये जुनी धोतरं, वर साड्यांचे तुकडे.

शिवण्याआधी थर हलू नयेत म्हणून कच्चे टाके घालून टाचावी लागते. दोनदा दिवाणावरच टाचून पाहिली. दोन्ही वेळा मागचा थर गोळा झाला, सगळं उसवलं. शेवटी रविवारी सकाळी पार्किंग धुऊन, चटया टाकून तिथेच पसरली.

गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जायला निघालेल्या एक आजी थांबल्या. "कडेपासून नको गं, मधून बाहेर काढत ये. नाहीतर मधे फुगा धरतो." पिशवी खाली ठेवून बसल्याच. कुरियरवाल्या दादांनी चार कोपरे ताणून विटा ठेवल्या. दुसऱ्या विंगमधल्या दोघी आपापल्या सुया घेऊन आल्या. वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके, पांढऱ्या साड्यांवर मुद्दाम लाल दोरा, म्हणजे नंतर काढताना दिसतो. अडीच तासांत काम फत्ते. एकट्या मला आठवडा लागला असता, वर कंबर गेली असती ती वेगळीच.

चहा करून खाली आणेपर्यंत आजी निघून गेल्या होत्या. नावही विचारायचं राहिलं. सगळ्यांचे मनापासून आभार. ज्यांनी अडीच तास गाडी बाहेर उन्हात लावली, त्यांचेही.

आजी, मधे फुगा नाही आला हं.