समोरच्या अक्कांचे जाहीर आभार

अक्का, नमस्कार.

तुमच्यासमोर उभं राहून थँक्यू म्हटलं की तुम्ही "असू दे की गं, त्यात काय येवढं" म्हणता आणि आत निघून जाता, मग विषय तिथंच संपतो, म्हणून हे लिहून सगळ्यांसमोर सांगतेय. तुमची मुलगी वाचून दाखवेल. मधलं काही गाळायचं नाही असं तिला बजावून ठेवलंय.

कणकुंबीची सायकल राइड झाल्यापासून रोज कुणी ना कुणी माझं अभिनंदन करतंय. बेळगाव ते कणकुंबी आणि परत, शंभर किलोमीटरच्या आसपास, तेही चाळिशी ओलांडलेल्या डबे करणाऱ्या बाईनं, म्हणून लोकांना भारी कौतुक वाटतंय आणि मलाही ते ऐकून आनंद होतो, पण दर वेळी मनात येतं की यातलं निम्मं कौतुक चुकून माझ्या दारात आलंय, ते समोरच्या घरी जायला पाहिजे होतं. सायकल मी चालवली हे खरं. पण मी सायकलवर असताना माझ्या ओट्याशी कोण उभं होतं, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझा डब्याचा धंदा आहे, कॉलेजची मुलं आणि बँकेतली, ऑफिसातली माणसं. सकाळचे डबे साडेआठला निघायलाच लागतात, म्हणजे पाचला गॅस पेटतो. भाजी, आमटी आदल्या रात्री चिरून निवडून ठेवता येते पण भाकरी नाही ना ठेवता येत, ती गरमच थापायची आणि गरमच बांधायची. आणि सायकलचा सराव करायचा तर तोही नेमका त्याच वेळी, कारण एकदा उजाडलं की पिरनवाडीच्या पुढं गोव्याकडच्या लॉऱ्या सुरू होतात आणि ऊन वर आलं की दमछाक दुप्पट. म्हणजे एक तर भाकरी नाही तर सायकल. मी राइडला नाव द्यायचं की नाही या विचारात होते, तेव्हा तुम्ही दारात येऊन, हातात पिठाचं भांडं घेऊनच, म्हणालात, "तू जा बघ, भाकरीचं मी बघतंय."

एवढंच बोललात. किती दिवस, किती वाजेपर्यंत, त्याचे काय देणार, काहीच विचारलं नाहीत.

दसऱ्यानंतर पाऊस पूर्ण उघडला आणि सराव सुरू झाला. मधल्या वारी काँग्रेस रोडला फेऱ्या, एखाद्या दिवशी येळ्ळूरला जाऊन राजहंसगडाचा चढ, आणि रविवारी लांबचा पल्ला, तो दर आठवड्याला थोडा थोडा वाढवत न्यायचा, एकदम उडी मारायची नाही, नाहीतर गुडघे बोलायला लागतात. सायकल दुकानाच्या मामांनी सीटची उंची लावून दिली (पेडल खाली असताना टाच टेकवली की पाय सरळ झाला पाहिजे, हा त्यांचा हिशोब), गियर कधी बदलायचा, चढ सुरू व्हायच्या आधीच हलका कसा करायचा ते शिकवलं, त्यांचेही आभार, ते वेगळे मानलेत. पण रविवार म्हणजे माझ्याकडं सगळ्यात मोठं काम. त्या दिवशी मुलं रूमवर असतात, स्पेशल जेवण लागतं, आणि नेमका तोच दिवस लांबच्या राइडचा. ते सगळे रविवार तुम्ही अंगावर घेतलेत अक्का. मी परत यायची तोवर भाकऱ्यांची चवड फडक्यात गुंडाळलेली, वांग्याची भाजी झालेली, आणि तुम्ही शेंगाचटणी कुटत बसलेल्या. आमच्या घरचे म्हणतात तुमची भाकरी माझ्यापेक्षा पातळ होते. होतेच. तुमचं माहेर मुनवळ्ळीचं, तिकडच्या बायकांच्या हाताला ज्वारी ऐकते.

आता खरं जे सांगायचंय ते. ही राइड कशासाठी होती हे पोस्टरवर मोठ्या अक्षरात होतं, डायलिसिसच्या पेशंटांसाठी पैसे जमवायला. पण पोस्टर वाचून ते कळत नाही, मला ते आपल्या ओट्यावर कळलं.

आपल्या गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहणारे खानापूर तालुक्यातले काका-काकी आपल्याकडं डबा लावायला आले, तेव्हा काकांचं डायलिसिस नुकतं सुरू झालेलं. आठवड्यातनं तीनदा, दर वेळी चारेक तास मशीनवर. डायलिसिस सरकारी योजनेत फुकट होतं, त्यासाठी 2016 पासून केंद्राचा कार्यक्रमसुद्धा आहे, पण गावाकडनं येण्या-जाण्याचं काय? काकींना 2023 पासून कर्नाटक सरकारच्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेत बस फुकट, काकांना तिकीट, आणि मशीनवरनं उठलेल्या माणसाच्या अंगात बसमध्ये उभं राहायचं त्राण नसतं म्हणून परतीला रिक्षा नाहीतर गाडी करायची. वर इंजेक्शनं. वर बुडालेली मजुरी. चंदगडकडनं येणारे आहेत, त्यांची तीच कथा. खोली घेऊन राहिलं तर भाडं, गावात राहिलं तर प्रवास. राइडचे पैसे याच खर्चासाठी होते आणि तिथंच गेलेत.

काकांच्या डब्यासाठी डाएटिशियननी कागद दिला होता. मी वाचत होते आणि तुम्ही ऐकत होता. केळं नको. रताळं नको, बटाटा तसाच नको. शहाळं नको. गूळ, खजूर नको. मीठ अगदी कमी, लोणचं-पापड बंद. पाणी मोजून, आणि त्यात आमटी, चहा, ताक पण धरायचं. कारण किडनी चालत नसली की पोटॅशियम रक्तात साठतं आणि ते हृदयावर जातं, आणि प्यालेलं पाणी बाहेर पडायला वाटच नसते, ते अंगात साचतं.

आणि त्याच आठवड्यात माझ्या राइडचा कागद आला होता. त्यात काय होतं? केळी खा. रताळी खा. गूळ, खजूर जवळ ठेवा. दीड तासाच्या वर सायकल चालवायची असेल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम तरी कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, नाहीतर पाय अचानक जड होतात. घामातनं मीठ जातं म्हणून मीठ-साखरेचं पाणी प्या, तहान लागायची वाट बघू नका.

दोन्ही कागद तुम्ही फ्रिजवर शेजारी शेजारी लावलेत. मी ते बघून तिथंच थांबले होते अक्का. जे जे मला खा म्हणून सांगितलंय ते ते त्या माणसाला बंद, एकाच ओट्यावर. मला तेव्हा समजलं की धडधाकट शरीर असणं म्हणजे काय, मी दोन केळी खाते आणि माझ्या किडन्या गुपचूप त्याचा सगळा हिशोब लावतात, मला पत्ता पण नसतो. काकांचं ते काम मशीन करतं, आणि तेही एक दिवसाआड.

तुम्ही दोन्ही डबे केलेत. काकांसाठी भाजी बारीक चिरून कोमट पाण्यात भिजत टाकायची, ते पाणी ओतायचं, मग भरपूर पाण्यात उकडायची, ते पण ओतायचं, असं केलं की पोटॅशियम बरंच कमी होतं. पण चव पण जाते की! मीठ घालता येत नाही. तुम्ही लसूण ठेचून, जिरं घालून अशी खमंग फोडणी द्यायचात की काकांनी एकदा डबा परत देताना विचारलं, आज मीठ घातलंय काय म्हणून. घातलं नव्हतं. आमटीसाठी तुम्ही एक छोटी स्टीलची वाटी वेगळी काढलीत, मापाची, काकांची आमटी त्याच वाटीनं, थेंब जास्त नाही. कुणीतरी पाहुण्यानं प्रेमानं लो सोडियम मिठाचं पाकीट आणून दिलं होतं, ते तुम्ही डाएटिशियनना फोन झाल्याशिवाय फोडू दिलं नाही, आणि बरंच झालं, कारण त्या मिठात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, किडनीच्या पेशंटला ते साध्या मिठापेक्षा वाईट. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी हे एवढं नक्की लक्षात ठेवा.

आणखी एक. काकांच्या डाव्या हातात फिस्टुला (ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) आहे, डायलिसिसच्या सुया तिथंच टोचतात, त्या हातानं वजन उचलायचं नसतं. डबा न्यायला आले की काका सवयीनं त्याच हातात पिशवी घ्यायचे. तुम्ही दोनदा बघितलंत, आणि तिसऱ्या वेळेपासून डबा तुमचा मुलगा पोचवायला लागला. कुणाला काही सांगितलं नाहीत, काकांनाही वाटू दिलं नाहीत की त्यांच्यासाठी काही वेगळं केलंय.

आणि माझा डबा! बाजारातले ते जेल आणि बार महाग पडतात, शिवाय मला ते गिळवत नाहीत. तुम्ही गोकाकचं करदंट (गूळ, डिंक, सुकामेव्याची वडी) आणून त्याचे बोटाएवढे तुकडे केलेत आणि एकेक बटर पेपरमध्ये असा पीळ देऊन गुंडाळलात की एक हात हँडलवर ठेवून दातानं उघडता यावा. तुम्ही आयुष्यात सायकल चालवली नाही, मग हे तुम्हाला सुचलं कसं? छोटी जवारी (गावरान) केळी, कारण मोठं केळं खिशात चेपतं. पश्चिम भागातली रताळी उकडून, गोल चकत्या, वरनं मीठ. पाण्याच्या बाटलीला तुमचं माप ठरलेलं, एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, अंगणवाडीत जुलाबासाठी सांगतात तेच. चमच्यावरनं बोट फिरवून सपाट करायचात, कधी अंदाजानं टाकलं नाही.

गळीत हंगाम सुरू झाला तेव्हा तर तुम्ही माझ्यावर रागावला होता. अंधारात उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, ऊस बाहेर लोंबतोय, आणि मी काळं जॅकेट घालून निघाले होते. दुसऱ्या दिवशी त्या जॅकेटच्या पाठीवर आणि बाह्यांवर चमकणारी पट्टी शिवलेली होती. त्यानंतर घरी काळजी करणारी माझी सासू पण जरा निवांत झोपायला लागली.

राइडच्या दिवशीचं थोडं सांगते, कारण तुम्ही नुसतं "पोचलीस ना" एवढंच विचारलंत. पिरनवाडी, नावगे, किणये, रणकुंडयेपर्यंत अंधार आणि धुकं, पुढच्या सायकलचा लाल दिवा तेवढा दिसायचा. कुसमळीच्या पुलावर उजाडलं, तिथं मलप्रभा ओलांडतात. तिथं थांबून रताळं खाल्लं. जांबोटीनंतर जंगल आणि चढ-उतार, रस्ता जागोजागी उखडलेला, तिथं मी सगळ्यांच्या मागं पडले पण पाय जड झाले नाहीत, दर अर्ध्या तासानं तुमचा एक तुकडा तोंडात. बरोबरचे दोघं तिघं त्या चढावर बसून राहिले, त्यांनी सकाळी नुसता चहा घेतला होता, त्यांना पण करदंट दिलं, मग उठले. कणकुंबीत मलप्रभेचा उगम मानतात ते कुंड बघितलं. तुमच्या माहेरच्या दारातनं वाहणारी नदी इथं एवढीशी, आणि तुम्ही म्हणाला होता की मुनवळ्ळीत तिला पूर आला की माणसं पाणी बघायला नदीकाठाला जातात. बाटलीत पाणी आणलंय ते तुमच्या देवघरात आहेच. परतताना किणयेच्या पुढं ऊन आणि समोरनं वारा, तो पट्टा सगळ्यात कठीण गेला. तिथं मला काका आठवत होते. माझे चार-पाच तास कधीतरी एकदाचे, मी ठरवलेले, त्यांचे चार तास आठवड्यातनं तीनदा, न ठरवता. मग पेडल मारत राहिले.

त्याच सकाळी तुम्ही सगळे डबे वेळेत काढले होते, आणि काकांचा पण, त्या छोट्या वाटीसकट.

जमलेल्या पैशाचा हिशोब येत्या आठवड्यात सगळ्या देणगीदारांना मिळेल, ज्यांनी किलोमीटरमागं पैसे लावले होते त्या सगळ्यांचे मनापासून आभार. ज्यांना अजून द्यायचे आहेत त्यांनी मला भेटा, काकांसारखे आणखी बरेच आहेत.

आणि अक्का, या रविवारी मी डबे बंद ठेवलेत, मुलांना सांगून झालंय. दुपारी तुमच्या घरचे सगळे आणि काका-काकी आमच्याकडं जेवायला. भाकऱ्या मी थापणार, काकांचं वेगळं मी करणार, तुमच्याच पद्धतीनं, दोनदा पाणी ओतून. तुम्ही ओट्याकडं यायचं नाही, बाहेर खुर्चीवर बसायचं, आणि भाकरी जाड झाली तर तसं सांगायचं.

तुमचीच,
समोरच्या घरातली