दोन ओळींत संपवलेल्या रात्री : विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

जवळच्या लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान आणि मंद, ताऱ्यांभोवती जीवयोग्य ग्रह शोधायला दुर्बिणीच्या रात्री पाच वर्षे अखंड मिळतील, असा शब्द आपण दिला होता. तिसरे वर्ष सरायच्या आत, काल, दोन ओळींची मेल आली. कार्यक्रम बंद. कारण : ‘ठोस निष्पत्ती नाही’.

माझ्या टेबलासमोर भिंतीवर एका ताऱ्याचा तक्ता आहे. एक ठिपका म्हणजे एक रात्र. हा तारा दर २१ दिवसांनी सेकंदाला जेमतेम दीड मीटर, म्हणजे माणसाच्या चालीने, मागेपुढे डोलतो. त्याला ओढणारा ग्रह असेल. पण तारा स्वतःभोवती ४२ दिवसांत फिरतो आणि त्याच्यावरचे डागही निम्म्या काळाचे असेच डोलणे भासवतात. डाग विरतात, नवे उठतात, त्यांची लय मोडते. ग्रह वर्षानुवर्षे ताल सोडत नाही. हे ओळखायला वर्षेच लागतात, आणि आपण नेमकी वर्षेच कापलीत!

बर्नार्डचा तारा सहा प्रकाशवर्षांवर. २०१८ मध्ये तिथे २३३ दिवसांत फेरी मारणारा ग्रह जाहीर झाला, २०२१ मध्ये तो ताऱ्याच्याच हालचालींचा भास ठरला. निरीक्षणे थांबली नाहीत, म्हणून २०२४ मध्ये तिथे तीन दिवसांहून किंचित जास्त वेळात फेरी मारणारा खरा ग्रह सापडला. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा, त्याच्या जुन्या नोंदींतही ग्रहाचा नुसता संशयच होता. २०१६ मध्ये सलग रात्री मिळाल्या तेव्हा खात्री पटली.

आसपासच्या दर चार ताऱ्यांतले तीन लाल बटू आहेत. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला तर प्रकाश एक शतांश टक्काही घटत नाही. ट्रॅपिस्ट-१ या लाल बटूसमोरून गेला तर अर्ध्या टक्क्याहून जास्त घटतो. पृथ्वीसारखे जग आपल्या हाताला लागायचे तर ते आधी इथेच लागेल. हे ग्रह ताऱ्याला खेटून असतात, त्याच्या ज्वाळांनी त्यांचे वातावरण उडूनही गेले असेल. तेही तपासल्याशिवाय कसे कळणार?

माझ्या मुलीला जन्मापासून दिवसा झोपणारी आईच माहीत आहे. वडील गेले त्या रात्री मी याच ताऱ्यावर होते. माझ्या हाताखालच्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध अर्धवट लटकलेत. हे सगळे कुठल्या रकान्यात मांडलेत?

दुर्बिणीच्या उद्घाटनाला पैसा निघतो, वापरायच्या वेळी हात आखडतो. ज्यांनी एक रात्रही घुमटाखाली काढली नाही, ते वर्षाच्या हिशेबात ग्रहाची फेरी बसवायला निघतात. फक्त माझाच नाही, दीर्घ काळ चालणाऱ्या प्रत्येक संशोधनाचा गळा असाच घोटला जातोय.

राहिलेल्या रात्री परत द्या. निर्णय कुणी घेतला ते जाहीर सांगा. तारा अजून नऊ आठवडे दिसेल, मग सूर्याआड जाईल. काल रात्री आकाश निरभ्र होते आणि तक्त्यावर ठिपका पडला नाही.

आपली,
एक निरीक्षक