पोलोचे घोडे लेखातून कुठे पळाले?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बॉम्बे जिमखान्यावरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख. व्हरांडा तर असा टिपलाय की वेताच्या खुर्चीत जाऊन बसावे. बसू कोण देतो, हा भाग वेगळा.

लेखकमहाशयांनी १८७५ सालच्या स्थापनेवरून थेट १९३३च्या क्रिकेट कसोटीवर उडी मारली आहे. मधले पोलोचे घोडे कुठे पळाले? साहेबांच्या पोलोने मैदान उखडले जायचे आणि त्याच खड्ड्यांत आपल्या पोरांनी क्रिकेट खेळायचे. पारशी क्रिकेटवाले शापूरजी सोराबजी आणि मंडळी तिथला पोलो हलवावा म्हणून १८८१ पासून सरकारकडे अर्ज करत होती. एवढ्या मोठ्या लेखात त्यांना दोन ओळी मिळू नयेत? शिवाय लाला अमरनाथांचे ११८ पहिल्या डावात ढकलले आहेत. पहिल्या डावात ३८, शतक दुसऱ्या डावातले. ज्या क्लबात भारतीय माणसाला सभासद होता येत नव्हते, तिथले ते शतक; निदान ते तरी नीट छापा.

खरा राग आला तो शेवटी. ‘कर्मचाऱ्यांचीही मोलाची साथ’ म्हणे! माझे वडील दुसऱ्या एका क्लबात (नाव घेत नाही) टेनिसचे मार्कर, म्हणजे सभासदांबरोबर खेळायला ठेवलेले नोकर, होते. साहेबांचा जोडीदार आला नाही की ‘मार्कर!’ अशी हाक यायची. डबा द्यायला मी मागच्या दाराने जायचो आणि जाळीबाहेर उभा राहून खेळ बघायचो. अटीतटीच्या वेळी बाबांचा चेंडू हमखास नेटमध्ये. एकदा मी म्हटले, ‘‘बाबा, तो तर सोपा होता.’’ म्हणाले, ‘‘अरे, सोपा चेंडू घालवणंच अवघड. मुद्दाम घालवला असं दिसता कामा नये.’’

त्या सभासदांची नावे तिथल्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत आहेत, असे ऐकून होतो. दोन वर्षांपूर्वी भाचा मला पाहुणा म्हणून घेऊन गेला. पायात चपला म्हणून पुढच्या दारात अडवले. पहारेकरी भला माणूस, त्याने कुठूनसे बूट आणून दिले, दोन नंबर मोठे. ते फरफटवत फलकापर्यंत पोचलो तर कळले, ही खोली फक्त सभासदांसाठी. मागच्या दाराने गेलो असतो तर चपला तरी चालल्या असत्या.

आपले लेखक पुढचा लेख कोणत्या क्लबावर लिहिणार आहेत ते कळवावे. मार्करांची नावे हवी असतील तर चार-पाच मी देऊ शकतो. फलकावर शोधू नयेत.

जाता जाता, शब्दकोड्याचे उत्तर सलग तीन रविवार छापलेले नाही. आडवा शब्द १४ अजून अडकून आहे.

आपला,
एक जुना वाचक, गिरगाव